पत्र्यालगतचा पिवळा

डॉक्टरांची जुनी राखाडी गाडी तिसऱ्यांदा रंगमिस्त्रींच्या दारात आली, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. डाव्या दिव्याखालचा रंग पुन्हा उडाला होता. बोराएवढा टवका, अगदी तिथेच.

"काय मिस्त्री, हात म्हातारा झाला का?" खुर्चीत बसत डॉक्टर हसले.

"हात नाही, साहेब. तुमची गाडीच हट्टी आहे."

मिस्त्री हसले खरे, पण मनातून ओशाळले. दोन्ही वेळा त्यांनी घाई केली होती. पत्र्यापर्यंत न घासता वरवर हात फिरवला होता. आज मात्र त्यांनी पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि नीट घासायला घेतलं. खर्र... खर्र...

शेडच्या दारात त्यांची बायको उसवलेली शिवण घालत बसली होती. चार वर्षांपूर्वी या दोघांची दहा वर्षांची लेक सायकलवरून घरी येताना पुढच्या वळणावर गाडीखाली गेली. उडवणारा थांबलासुद्धा नाही. तेव्हापासून ही माउली देवाजवळ रोज एकच मागत होती, 'त्याला एकदा आमच्या दारात आण.'

वरचा राखाडी गेला. खालचाही गेला. त्याखालचा, आधी कुणीतरी फासलेला थरही गेला. मग पत्र्यालगत एक बारीक रेघ उमटली. पिवळी.

मिस्त्रींचा हात थांबला. तो पिवळा बाजारात मिळत नव्हता. लेकीच्या सायकलसाठी त्यांनी स्वतः कालवलेला. पिवळ्यात दोन थेंब लाल, चमचाभर पांढरा. रंग ओला असतानाच पोरीनं अंगठा टेकवला होता. "वाळला का हो, बाबा?"

म्हणजे देवानं त्या माणसाला याआधी दोनदा दारात आणलं होतं. आणि दोन्ही वेळा बापानंच त्याच्यावर रंग फासला होता.

"अहो..." बायको मागे येऊन उभी होती. तिलाही तो पिवळा ओळखता आला.

डॉक्टर उठून आले. रेघ पाहताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "बुजवा ते... लवकर बुजवा!"

"आता नाही बुजायचं ते," ती शांतपणे म्हणाली. "चार वर्षं वाट पाहिलीय माझ्या पोरीनं."

कोपऱ्यात पोत्याखाली मोडकी सायकल पडून होती. तिथून घंटी वाजली. एकदाच.

डॉक्टर धडपडत गाडीत बसले. गाडी सुसाट निघाली, आणि घंटी आता गाडीच्या आतून वाजत होती... ट्रिंग... ट्रिंग... वळणापर्यंत ऐकू येत राहिली. मग मोठा आवाज झाला आणि सगळं शांत.

रस्ता रिकामा होता, असं लोकांनी सांगितलं. डॉक्टर मात्र जीव जाईपर्यंत एकच पुटपुटत होते, "सायकल... आडवी आली..."

संध्याकाळी मिस्त्रींनी पोतं उचललं. सायकलच्या दांड्यावर जिथला रंग खरवडून गेला होता, तिथे आता सफाईनं पिवळा भरलेला होता. मधोमध लहानशा अंगठ्याचा ठसा.

मिस्त्रींनी हात पुढे केला.

"हात नका लावू," बायको हळूच म्हणाली. "अजून ओला आहे."