मशीनला लाल दिसत नाही

टेम्पोवाला खिडकीशी आला तेव्हा शिरीनने मान वर करूनही पाहिलं नाही.

"मालाचं चलान इथे ठेवा आणि पहिला खोका पुढे घ्या," ती म्हणाली.

खोका पुढे आला. तिने हातातल्या स्कॅनरचं बटण दाबलं. लेबलवरच्या काळ्या रेघांवर लाल प्रकाशाची बारीक रेघ थरथरली आणि... काहीच नाही. एरवी कसा टीं करून आवाज येतो! दुसरा खोका. मुका. तिसरा. तोही मुकाच.

"मॅडम, तुमच्या मशीनचा पण रोजा हाय का काय?"

शिरीनचा हात तिथेच थांबला. हा आवाज... हा तर तिने वर्षभर कानाशी धरलेला आवाज होता.

"यवत?" तिने विचारलं.

"यवतच," समोरचा हसला. उंच, सावळा, कपाळावर घाम. "शोएब. आमचा खंडू ड्रायव्हर दसऱ्यासाठी गावी गेला, म्हणून म्या आलो. आन् तुम्ही शिरीन मॅडम. फोनवर लई उंच वाटायच्या हो तुम्ही."

"फोनवर उंची कळते?"

"आवाज वरनं यायचा ना."

तिने ओठ दाबून धरले. हसू काही दबलं नाही.

तर हे दोघे असे. शिरीन शिरूरची. रांजणगावच्या एमआयडीसीत कपडे धुण्याची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात ती स्टोअरला होती. बाहेरून आलेला माल नोंदवून घ्यायचं तिचं काम. शोएब यवतच्या इनुसभाईंचा मुलगा. त्यांच्या शेडमध्ये त्या मशीनच्या दाराला बसणाऱ्या रबराच्या गोल पट्ट्या तयार होत. वर्षभर रोज सकाळी शिरीन यवतला फोन करायची, 'उद्या इतका माल पाठवा.' ऑर्डर सांगायला फार तर अर्धं मिनिट लागायचं. पण मग यवतला ऊन कसं आहे, चौफुल्याला रस्ता किती उखडलाय, शिरूरच्या बाजारात मेथी कशी लावलीय, हे कळल्याशिवाय दोन्हीकडचा फोन खाली ठेवला जात नसे. चेहरा कुणी कुणाचा पाहिला नव्हता.

आणि मग कारखान्यात नवी सिस्टिम आली. माल किती उरला ते कॉम्प्युटरच मोजणार. कमी झाला की कॉम्प्युटरच यवतच्या कॉम्प्युटरला ऑर्डर धाडणार. यवतहून खोके लेबल लावूनच निघणार, इथे टीं वाजला की नोंद झाली. स्टोअरमध्ये महिन्याचा माल रचून ठेवायची पद्धत बंद, एका पाळीपुरताच माल जवळ. सगळं झटपट, सगळं बिनचूक. फोनचं काम संपलं. साहेबांनी स्टोअरमध्ये पेढे वाटले. शिरीनने पेढा खाल्ला, पण कुणीतरी आपल्या हातातलं काहीतरी काढून घेतलंय असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

आज यवतच्या लेबल लावलेल्या मालाची पहिली गाडी होती. लेबलं नीट वाचली गेली तर काम यवतकडे राहणार. नाहीतर सणसवाडीचा मोठा पुरवठादार टपून बसलेलाच होता. आणि काम सणसवाडीला गेलं म्हणजे... शिरीनने तो विचार बाजूला सारला आणि लेबल नीट निरखलं.

काळ्या रेघांवर वरून खाली ओढलेलं कुंकवाचं ठसठशीत बोट होतं. शेजारी हळदीचं.

"हे काय?"

"ते व्हय? आज खंडेनवमी न्हाई का!" शोएब म्हणाला. "शेडमधल्या समद्या मशीनींची पूजा झाली. मग आमच्या पॅकिंगच्या चांगुणामावशी म्हणाल्या, नव्या लेबलाचा पहिला माल चाललाय, त्याला कोरडा कसा धाडू? अब्बांनी पण मान डोलावली. दरसाली नारळ तेच आणत्यात."

"आणि नेमकं लेबलवरच लावलं?"

"मावशी म्हणाल्या, कपाळ तेवढंच दिसतंय."

शिरीनने डोक्याला हात लावला. पण तिला चैन पडेना. कुंकू लाल, रेघा काळ्या. कुंकवातून रेघा अंधुक दिसतायत, माणसाला तर दिसतायत. मग स्कॅनरला का दिसू नयेत? तिने एक नवं लेबल छापून घेतलं, लाल बॉलपेनने त्यावर भराभर उभ्या रेघा मारल्या आणि स्कॅनर धरला. टीं! पहिल्या झटक्यात.

"अय्या," ती स्वतःशीच म्हणाली.

आता निळ्या पेनने. स्कॅनर गप्प.

शोएब खिडकीवर कोपरं टेकून पाहत होता. लेबलकडे की तिच्याकडे, ते सांगणं कठीण होतं. "काय चाललंय हे?"

"बघा ना! ह्याचा स्वतःचा उजेडच लाल आहे. म्हणून ह्याला लाल काही वेगळं दिसतच नाही. लाल म्हणजे ह्याच्या लेखी पांढरं. पांढऱ्यावर लाल शाई मारली, तर काही मारलंच नाही. आणि काळ्या रेघांवर जाड कुंकू बसलं, तर रेघाच गेल्या!" तिचे डोळे चमकत होते. "कसं आहे ना... जे आपल्याला आधी दिसतं, तेच ह्याला दिसत नाही."

"मग गाडी इथंच ऱ्हाऊ द्या चार दिवस," शोएब म्हणाला. "तुम्ही असंच सांगत बसा, म्या ऐकत बसतो."

"मिस्टर यवत, काम जाईल तुमचं!"

"ठाऊक हाय." त्याचा आवाज एकदम खाली आला. "अब्बांनी ह्या कामावर रबर दाबायचा नवा प्रेस घेतलाय. बायाबापड्या हायेत कामाला... तुम्ही हातानं न्हाई का भरू शकत? पहिल्यासारखं?"

भरू शकत होती. बोटं कीबोर्डवर गेलीही होती. पण हाताने भरलेला प्रत्येक खोका कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात 'लेबल नापास' म्हणून दिसणार होता. आज गाडी आत जाईल आणि उद्या काम सणसवाडीला. शिरीनने बोटं मागे घेतली.

"थांबा," ती म्हणाली. "मी साहेबांना खरं काय ते सांगते."

"खरं सांगून काम गेलं तर?"

तिने स्कॅनर उचलला. ती गेलीच.

स्टोअरचे मुख्य सर्जेराव साहेब कपाळाला पूजेचं कुंकू लावून खुर्चीत बसले होते. सगळं ऐकून त्यांचा चेहरा आंबट झाला. "शिरीन, हे पोरखेळ आहेत का? संध्याकाळच्या पाळीला पट्ट्या लागतात. गाडी परत पाठव, सणसवाडीला फोन लाव."

"लावते, साहेब. पण सणसवाडीलाही आज खंडेनवमीच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथेही मावश्या असतीलच. आणि..." तिने हातातला स्कॅनर हळूच त्यांच्या टेबलावर ठेवला. "सकाळी आपल्याही स्कॅनरला कुणीतरी कुंकू लावलंय. काचेच्या अगदी जवळ. थोडक्यात वाचला."

साहेबांनी स्कॅनरकडे पाहिलं, मग स्वतःच्या लाल बोटाकडे. मग ते जे हसायला लागले, ते टोपी सरकेपर्यंत.

"जा, आपल्या प्रिंटरवर नवी लेबलं काढ. अजून मालाची नोंद झालेली नाही, चालतं. आणि सगळ्या पुरवठादारांना आजच कळव, पूजा खोक्याच्या मागच्या बाजूला करावी!"

मग प्रिंटर घुं घुं करत लेबलं काढत राहिला, शिरीन सोलून देत राहिली आणि शोएब चिकटवत राहिला. दोघांच्या मध्ये साहेबांनी कौतुकाने पाठवलेला चहा होता. दोन्ही कपांवर साय धरली. रमजानचे दिवस; दोघांनीही कपांना हात लावला नाही, आणि दोघांनीही ते एकमेकांचं पाहिलं.

"तिरकं लावताय," ती म्हणाली.

"तुम्ही बघताय म्हणून तिरकं जातंय."

टीं. टीं. टीं. शेवटचा खोका वाजला तेव्हा ऊन मावळतीकडे कललं होतं.

शोएबने टेम्पोचा फाळका लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. शेवटी तो खिडकीशी आला. "काम राहिलं. तुमच्यामुळं."

"लेबलांमुळं."

"आता ऑर्डर कॉम्प्युटर धाडणार, गाडी खंडू आणणार... सगळी सोय झाली. फक्त माझीच गैरसोय झाली बघा."

शिरीन पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

"मॅडम, एक विचारू? ईद झाल्यावर अम्मीला शिरूरला पाठवू का? तुमच्या घरी? न्हाई म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा. तिला एसटी लागती, उगा त्रास."

बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला. माणसं बोलत, हसत गेटकडे चालली. शिरीनने ड्रॉवर उघडला, स्टीलचा लहानसा डबा काढला आणि खिडकीतून पुढे सरकवला.

"खजूर आहेत. रोजा न्हावऱ्यालाच सुटेल तुमचा, रस्त्यात काही मिळायचं नाही."

"आन् तुम्हाला?"

"मी बसमध्ये कुणाकडून तरी घेईन."

त्याने डबा घेतला, पण जागचा हलला नाही. "माझ्या प्रश्नाचं..."

"हा डबा माझ्या अम्मीचा आहे," शिरीन म्हणाली. कान तापले होते, आवाज मात्र कसाबसा सरळ राहिला. "डब्याच्या बाबतीत ती फार कडक आहे. परत द्यायला घरी यावं लागेल."

"कवा?"

"ईदनंतर. आणि अम्मींना एसटीने नको... तुमच्या टेम्पोत पुढे बसवा. खिडकीपाशी."