डावीकडचा निळा चौकोन

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी झाडूवालीला ते म्हातारे गृहस्थ दिसले. हॉस्पिटलच्या आवारात, रक्त तपासणीच्या इमारतीच्या पायरीवर बसलेले. डोकं बंद दाराला टेकलेलं. श्वास थांबला होता.

इमर्जन्सी फाटकापासून उजवीकडे, चाळीस पावलांवर होती. रक्त तपासणी डावीकडे, पार टोकाला, आणि ती उघडायची आठला. ते डावीकडे का गेले?

आठवड्याने त्यांचा मुलगा लेखी तक्रार घेऊन आला. फाटकावरच्या रखवालदाराने चुकीची वाट दाखवली, असं त्याचं म्हणणं. नुकतेच रुजू झालेले व्यवस्थापक रखवालदाराला कामावरून काढायला तयारच होते.

"दादा, आधी मला त्याच्याशी बोलू दे," सोबत आलेली त्याची धाकटी बहीण म्हणाली.

ती नकाशे बनवायची. बाबांच्याच हाताखाली शिकली होती. फाटकाशी आवाराच्या नकाशाचा मोठा फलक होता. त्याच्याकडे न बघता ती रखवालदाराजवळ गेली.

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"काहीच नाही, ताई. मीच विचारलं, आजोबा, कुठे जायचंय? छातीवर हात होता. म्हणाले, राहू दे, नकाशा आहे ना."

दादा उसळला. "आणि तू राहू दिलंस?"

"गाडी हॉर्न वाजवत होती, साहेब. फाटक उघडायला गेलो."

"नकाशासमोर त्यांनी काय केलं?" धाकटीने विचारलं. "नीट आठवून सांगा."

"आधी वाकले. खाली कोपऱ्यात काहीतरी वाचलं आणि हसले."

"हसले?"

"हो. मग चार पावलं मागे सरकले, डोळे अर्धे मिटले. मला वाटलं चक्कर येतेय. पण लगेच डावीकडे निघाले. कोणाला न विचारता."

"छातीत दुखत असताना कोण हसतं? थापा मारतोय हा!" दादा म्हणाला.

धाकटी फलकाकडे वळली. पहिल्यांदाच. चार पावलं मागे सरकली.

"साहेब, जरा इथे मागे या," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "डोळे किलकिले करा. काय दिसतं?"

"चष्मा असूनही मला कमीच दिसतं, त्यात डोळे मिटायला सांगताय." तरी त्यांनी केलं. "निळा चौकोन. डावीकडे."

"आणखी?"

"बाकी सगळं धूसर."

"इमर्जन्सी?"

व्यवस्थापक फलकाजवळ गेले. इमर्जन्सी होती, फिकट पिवळ्यावर करड्या, बारीक अक्षरांत. जवळ गेल्यावर वाचता येत होती.

"रखवालदार खरं बोलतोय," धाकटी म्हणाली. "नकाशा तयार झाला की बाबा तो भिंतीला लावायचे, मागे सरकायचे, डोळे किलकिले करायचे. अक्षरं पुसली जातात आणि सर्वांत ठळक तेवढंच उरतं. ते म्हणायचे, दुखणाईत माणूस वाचत नाही, बघतो. म्हणून ज्याची त्याला गरज, तेच सर्वांत गडद हवं. त्या सकाळी त्यांनी तेच केलं. उरला निळा चौकोन. ते तिकडे गेले."

"पण निळ्यावर रक्त तपासणी लिहिलंय की," दादा म्हणाला. "वाचलं नाही त्यांनी?"

"वाचायची गरज वाटली नाही. हा नकाशा करणाऱ्याने ही परीक्षा घेतलेली असणारच, अशी त्यांची खात्री होती."

"मग चूक कोणाची?" व्यवस्थापकांनी विचारलं. "छापणाऱ्याची?"

"नाही. तुमच्या आधीच्या साहेबांना रक्त तपासणीची नवी इमारत उठून दिसायला हवी होती. लाल रंगाने पेशंट घाबरतात, म्हणाले. नकाशा करणाऱ्याने मान डोलावली. परीक्षा घेतली असती तर तिथेच कळलं असतं. बाबांना दाखवला असता तरी कळलं असतं. पण ते सगळा पुन्हा करायला लावतील, म्हणून मुद्दाम दाखवला नाही. पहिल्यांदाच."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग तो फलकाजवळ गेला, वाकला. खालच्या कोपऱ्यात नखाएवढ्या अक्षरांत नाव होतं. काळ्याभोर शाईत, अगदी स्पष्ट.

तो तिथेच उकिडवा बसला.

धाकटीने त्याच्या हातातला तक्रारीचा कागद घेतला. रखवालदाराचं नाव खोडलं, वर आपलं लिहिलं आणि कागद व्यवस्थापकांसमोर धरला.

"ताई," रखवालदार हळूच म्हणाला, "ते खरंच हसले होते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझं नाव वाचून."