काचेवरची खारी रेघ

अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात घराची काच पांढरी पडली, तर कोणी त्याचं नवल करत नाही. उन्हाळ्यात खिडकीला कूलर बसतो, कूलरमध्ये बोरचं खारं पाणी पडतं, त्याचे शिंतोडे वाळत जातात आणि दोन-चार वर्षांत काच दुधासारखी होते. बाळापूर रस्त्यावरचं ते जुनं घर जाईबाईंनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मागच्या खोलीची जमिनीलगतची खिडकी अशीच होती. त्यांच्या मनात काही आलं नाही.

देवमन एसटीतून निवृत्त झाले आणि नवरा-बायकोनं ते घर घेतलं. मे महिन्यात लेक प्रियदर्शनी पहिल्या बाळंतपणासाठी अमरावतीहून यायची होती. मागची खोली पूर्वेची. तेल लावल्यावर बाळाला कोवळं ऊन तिथंच मिळालं असतं. काच तेवढी साफ व्हायला हवी होती.

खोलीत आधीच्या मालकाचा लोखंडी पलंग होता. त्याच्या पायांखाली विटा रचून तो चांगलाच उंच केलेला होता.

"पोटुशी पोरगी याच्यावर चढन कशी?" असं म्हणून जाईबाईंनी विटा काढायला लावल्या आणि अंगणात मोगऱ्याभोवती मांडून टाकल्या.

मग त्या काचेला लागल्या. जुन्या लुगड्याचं फडकं सिरक्यात भिजवून काचेला चिकटवलं, तासभर तसंच राहू दिलं. लिंबाच्या फोडीनं घासलं. शेवटी नळाच्या गोड्या पाण्यानं धुतलं. बोरच्या पाण्यानं धुतलं तर डाग वाळता वाळता परत येतो, हे इथल्या बाईला सांगावं लागत नाही. वर्तमानपत्रानं पुसल्यावर बाहेरचा कडुनिंब दिसला, पानन् पान.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या खालच्या कडेला पांढरी रेघ होती. शिंतोडे नव्हते. आडवी, सरळ रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी.

"बोरचं पाणी मारलं असशीन तू," देवमन म्हणाले.

"मी काय काल आली का खारपट्ट्यात? गोडंच पाणी होतं."

"मंग काच रुसली असन तुह्यावर."

जाईबाईंनी पुन्हा घासलं. सकाळी रेघ पुन्हा आली, पण वीतभर वर. त्यांनी नख फिरवून पाहिलं. बाहेरून काच गुळगुळीत होती. खरखरीत होती ती आतल्या बाजूनं. बोट जिभेला लावलं तर खारट.

या वेळी देवमन हसले नाहीत. खिडकीपुढं उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"हौदात अशी पडते," ते म्हणाले. "पानी भरून राह्यते तवा काही दिसत नाही. उतरलं का मांगं रेघ राह्यते."

"हौदात पडते. हे घर हाये."

"म्हनूनच म्हनतो, भिंतीत ओल असन. मिस्तरीले बोलावतो."

मिस्त्री आला, भिंत ठोकून गेला. भिंत कोरडी ठणठणीत होती. फरशीवर धूळसुद्धा जशीच्या तशी होती.

भाजी विकणारी बेबीताई दारात टोपली उतरवून बसली, तेव्हा जाईबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मांगच्या खोलीतल्या कूलरनं काच पार खराब करून ठेवली ना वं."

"कूलर? त्या खोलीत?" बेबीताई वांगी मोजायची थांबली. "कूलर नव्हताच तिथं कधी. पह्यलेचे मालक भगवंतराव म्हनत, लय थंड खोली हाये, कूलर कायले पायजे. बुढा मोठा मजेदार. पलंगाखाली इटावर इटा लावत जाय. आमी चिडवो, बुढेबुवा, आता सरगातच जाता का? तं म्हने, बेबी, थोडं वर राह्यलेलं बरं."

"अन् मंग?"

"मंग काय, गुडघे गेले त्यायचे. चढनं होये ना. पोरानं अर्ध्या इटा काढून देल्ल्या. त्याच उन्हाळ्यात गेले." तिनं टोपली उचलली. "झोपेतच गेले म्हना. सुखाचं मरन."

प्रियदर्शनी आली त्या दिवशी रेघ गादीच्या वर पोचली होती. जाईबाईंनी तिचं अंथरूण पुढच्या खोलीत कूलरसमोर घातलं. मागच्या खोलीच्या दाराला कडी लावली. लेक हसली. "आई, माह्यासाठी काच घासली अन् मलेच बंदी?"

दुपारी वीज गेली. कूलर बंद पडला. जाईबाई अंगणात मोगऱ्याभोवतीच्या विटा गोळा करत होत्या. पलंग पुन्हा उंच करायचा, मग बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. विटांची चळत घेऊन त्या घरात आल्या, तर पुढचं अंथरूण रिकामं होतं.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं.

प्रियदर्शनी पलंगावर गाढ झोपली होती. वेणी सुटली होती. केस पलंगाच्या काठावरून खाली लोंबायला हवे होते.

ते लोंबत नव्हते.

डोक्याच्या वर पसरून ते हळूहळू हलत होते. इकडे, मग तिकडे. ओढणीचं टोकही तसंच. छतावरच्या पंख्याची पाती थांबलेली होती.

तिची छाती हलत नव्हती.

जाईबाईंच्या हातून विटा पडल्या. त्या आत धावल्या. पायांना ओलं काही लागलं नाही, पण पाय जड पडत होते, नदीतून चालताना पडतात तसे. त्यांनी लेकीला काखांत हात घालून धरलं आणि ओढत उंबऱ्याबाहेर आणलं.

तिथं प्रियदर्शनीनं मोठ्यानं श्वास घेतला.

"काय झालं आई? किती मस्त झोप लागली होती."

तिचे कपडे कोरडे होते. जाईबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ काही नाही. मग आतून एक लाथ बसली.

देवमननी पिशव्या भरल्या. संध्याकाळच्या गाडीनं तिघं अमरावतीला निघाली. घराला कुलूप लागलं.

अमरावतीत धरणाचं गोडं पाणी. लेकीच्या घराच्या काचा लख्ख. तरीही जाईबाईंनी पलंगाखाली विटा लावून घेतल्या. जावई संघपाल म्हणाला, "आई, चौथ्या मजल्यावर पूर येत नाही."

"असू द्या ना, बापू."

मुलगी झाली. रडली, दूध प्यायली, अंगानं बाळसेदार. जाईबाई रोज सकाळी आधी काच बघायच्या. रेघ कुठंच नसायची. हळूहळू त्यांचा जीव भांड्यात पडला.

बाराव्या दिवशी त्या खिडकीखाली पाय पसरून बसल्या. पायांवर नातीला घेतलं, तेल चोळलं, कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, मऊ फडक्यानं कोरडं केलं. कोवळं ऊन तिच्या अंगावर आलं आणि ती झोपली.

जावळ दाट होतं. वाळल्यावर ते उभं राहिलं. आधी इकडे झुकलं. मग सावकाश तिकडे.

जाईबाईंनी काचेकडे पाहिलं. काच स्वच्छ होती, वरपासून खालपर्यंत.

रेघ पडते ती पाणी उतरल्यावर.