मागच्या ताटाचा धनी

आजही मुक्ताबाईने अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली आणि एक शब्दही न बोलता ती हात धुवायला उठली…

चुलीपुढे एक पाय लांब पसरून बसलेल्या रखमाजीने ते पाहिले. कालवण आज बिघडले नव्हते. हुलगे मऊ शिजले होते, मीठ त्याने दोनदा चाखून घातले होते, भाकरी एकही करपली नव्हती. शेजारच्या धोंडाबाईकडून मागून आणलेल्या कैरीच्या चार फोडीसुद्धा त्याने त्यात टाकल्या होत्या, कारण मुक्ताला आंबट आवडते हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी अर्धी भाकर राहिलीच! काल राहिली, परवा राहिली, आणि आजही राहिली…

धाकटा भाऊ गेणू खाली मान घालून तीन भाकरी खाऊन केव्हाच अंगणात गेला होता. रखमाजीने ती अर्धी भाकर उचलली, भांड्याच्या तळाशी उरलेल्या कालवणात बुडवली आणि एकट्याने जेवायला घेतली. घास तोंडात फिरत राहिला. आपले काय चुकते आहे, हेच त्याला उमगत नव्हते.

लोणावळ्याच्या आसपास धरणे बांधली जात होती, त्या काळातली ही गोष्ट. भुशीच्या रखमाजीची बैलजोडी त्या कामावर दगड वाहायला होती. माघात एके दिवशी उतारावर गाडी कलंडली, वरचा दगड घसरला आणि रखमाजीचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडून गेला. हाडवैद्याने हाड बसवले खरे, पण ते वाकडेच जुळले. ज्या माणसाच्या खांद्यावर साऱ्या घराचा भार होता, त्याला आता आडापर्यंत जायलाही काठी लागू लागली. मग त्याच्या जागी मुक्ताबाई घमेले घेऊन धरणावर निघाली. गेणू तिथे होताच. मृगाच्या आत भिंत वर यायला हवी म्हणून कामाला नुसता ऊत आला होता. भल्या पहाटे दळण दळून, दुपारची शिदोरी बांधून दीर-भावजय निघत, ती दिवे लागायच्या सुमाराला परत येत. वैशाखाच्या उन्हाने दोघांची तोंडे काळवंडून गेलेली असत.

पहिल्या दिवशी ती दोघे परतली, तेव्हा मुक्ता तशीच, धुळीने भरलेल्या अंगाने चुलीकडे वळली होती. फुंकणी हातात घेतली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला… भिंतीला टेकलेले तिचे ते दमलेले तोंड रखमाजीने पाहिले. दुसऱ्या दिवशी ऊन कलताच तो खुरडत खुरडत चुलीपाशी गेला आणि त्याने जन्मात पहिल्यांदा परातीत पीठ घेतले.

नाचणीच्या पिठाने त्याला फार छळले! भाकर थापता थापता कडेने चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची. उकिडवे बसता येत नसल्यामुळे तो चूल डाव्या कुशीला घेऊन बसे, त्यामुळे डाव्या अंगाला सारखी धग लागे आणि घामाच्या धारा पिठात पडू नयेत म्हणून मान वळवून थापावे लागे. धोंडाबाईने कुडाआडून हे पाहिले, पोट धरून हसली आणि मग स्वतःच आत येऊन म्हणाली, की पाणी कढत घ्या नि पीठ हाताच्या तळव्याने चांगले मळा. महिनाभरात त्याच्या भाकरी फुगू लागल्या. साधेच जेवण असे ते… भाकरी, हुलग्याचे नाहीतर शेवग्याच्या पाल्याचे कालवण, कधी पिठले, कधी सुकट, सोबतीला कांदा. पण माणसे दारात पाय ठेवतील तेव्हा ते कढत असले पाहिजे, एवढाच त्याचा ध्यास होता.

दोघांना वाढायचे, आणि ती दोघे उठल्यावर उरेल त्यात आपण जेवायचे, हे कोणी न सांगताच ठरून गेले.

आणि मुक्ता मात्र गप्प झाली. पूर्वी ताट वाढताना ती शिवारातले, भावकीतले, माहेरचे काही ना काही बोलायची. आता त्याने ताट पुढे सरकवले की ती एकदा त्या वाफेकडे बघे, मग मान खाली घाली ती जेवण संपेपर्यंत वर करीतच नसे. तिला त्याची लाज वाटत होती का? कीव येत होती? की पांगळ्या नवऱ्यासाठी उन्हात राबावे लागते याचा राग होता तिच्या मनात? कधी वाटे, सरळ विचारावे. पण ती खरे सांगेल याचीच त्याला भीती वाटे.

एके दुपारी धोंडाबाईने बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. तिची सून धरणावरच होती. मुक्ता तिथे बायांना सांगते म्हणे, की घरी नणंद आली आहे आणि तीच संध्याकाळचे रांधते.

रखमाजीच्या हातातला विळा तसाच राहिला. त्याला बहीण नव्हती. आई-बापांमागे तो आणि गेणू, दोघेच उरले होते. मग ही नणंद कोण? ती नणंद म्हणजे आपणच की! आपल्या बायकोने आपल्याला जगापासून लपवले होते… त्या दिवशी पिठले गुठळ्यांचे झाले, आणि मुक्ता ते काही न बोलता जेवली. अर्धी भाकर मात्र ठेवलीच.

त्याच आठवड्यात टाकव्याहून निरोप आला. तिथल्या कोंडाजीची मुलगी सरू हिच्यासाठी गेणूचे नाव सुचवले गेले होते, आणि कोंडाजी घर बघायला येणार होता. गेणू दोन दिवस घुटमळत राहिला. अखेर तिसऱ्या संध्याकाळी मुक्ता आडावर गेल्याचे पाहून तो चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"भाऊ," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या दिशी तुमी घरात नसलात तर… म्हंजे पाव्हन्यांनी तुमाला चुलीपुडं बघितलं तर ते काय म्हनतील? पोरं आत्ताच मला चिडवत्यात. पाव्हनं जाईस्तवर कुटं बाहीर बसलात तर बरं."

ज्याला सहा वर्षांचा असल्यापासून अंगाखांद्यावर वाढवला, तो हे बोलत होता! रखमाजीला स्वतःच्या पोटी मूल नव्हते. गेणू हाच त्याचा लेक होता. क्षणभर त्याला वाटले, हातातले उलथणे फेकून द्यावे आणि म्हणावे, की हे घर माझे आहे. पण लगेच दुसरा विचार आला… खरेच, हे घर अजून आपले आहे का? जो कमावत नाही, ज्याची बायको त्याचे नाव सांगत नाही, तो घराचा कोण? आपण खरोखरच या पोराच्या संसाराच्या आड येतो आहोत की काय? त्याचे त्यालाच काही समजेना. तो एवढेच म्हणाला, की बसेन जांभळीखाली, आणि मुक्ताला हे सांगू नकोस.

पाहुणा यायच्या दिवशी मुक्ताला मुकादमाने पुरती सुट्टी दिली नाही. दुपारी लवकर येईन म्हणून ती पहाटेच गेली. तेव्हा पाहुण्याचा स्वयंपाकही रखमाजीनेच केला. शिंक्यावर मूठ-मूठ साठवलेले तांदूळ काढून भात केला, वालाचे बिरडे केले, कैरीची चटणी वाटली, आणि भाकरी तर अशा केल्या की तशा त्याच्या हातून पूर्वी कधी झाल्या नव्हत्या. सगळे झाकून ठेवून, चूल सारवून, काठी टेकत तो गावाबाहेर वाटेवरच्या जांभळीखाली जाऊन बसला.

थोड्या वेळाने टाकव्याकडून येणारा एक म्हातारा घाम पुसत सावलीला टेकला. पागोटे सोडून त्याने वारा घेतला आणि भुशीच्या रखमाजीचे घर कोणते ते विचारले. रखमाजीने ओळखले.  त्याने बोटाने शेवग्याचे झाड दाखवले.

"मानसं कशी हायती?" कोंडाजीने विचारले. "पोरगी द्यायची हाय म्हनून इचारतो."

"बरी हायती," रखमाजी म्हणाला. "भावजय लय गुनाची हाय. पोर तिच्या हाताखाली सुखात ऱ्हाईल. दीर बी कष्टाळू हाय."

"आन थोरला? त्याचा पाय गेला म्हनत्यात."

 स्वतःबद्दल परक्यासारखे बोलताना रखमाजीला असे वाटले, की आपण खरोखरच कोणी तिऱ्हाईत आहोत आणि तो थोरला भाऊ कधीच मरून गेला आहे…

"व्हय. तो आता कामाचा न्हाई ऱ्हायला," तो हळूच म्हणाला. "पन कुनाच्या आड यायचा न्हाई."

कोंडाजी त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिला. पायाकडे, काठीकडे, हातांकडे. मग पागोटे बांधून उठला आणि शेवग्याच्या झाडाच्या रोखाने चालू लागला.

उन्हे कलली. वाट अजून तापलेलीच होती. रखमाजी बसून राहिला आणि आता पाहुणा जेवत असेल, आता पान-सुपारी होत असेल, असे मनाशी म्हणत राहिला. एवढ्यात वाटेवर धूळ उडताना दिसली. मुक्ता धावत येत होती! धरणावरची माती अजून अंगावर होती, पदर खांद्यावरून ओघळला होता.

"उठा," ती धापा टाकत म्हणाली. "घरला चला."

पाहुणा गेला का, असे त्याने विचारले. नाही, ती म्हणाली. ती घरी पोचली तेव्हा गेणू पाहुण्याला सांगत होता, की जेवण बहिणीने केले आहे आणि ती पाण्याला गेली आहे. ते ऐकून तिच्याने राहवले नाही. तिने दारातूनच सांगितले, की या घरात बहीण नाही, भाकरी माझ्या धन्याने केल्या आहेत. कोंडाजीने हातातला घास ताटात परत ठेवला होता. जांभळीखालच्या माणसाच्या नखांत नाचणीचे पीठ होते, तेव्हाच मला संशय आला, असे तो म्हणाला होता, आणि त्या माणसाला आणल्याशिवाय पुढचा घास घेणार नाही म्हणून बसला होता.

रखमाजी उठला नाही. इतक्या दिवसांचे साचलेले आता त्याच्या ओठांवर आले.

"धरनावर तूच सांगितलंस ना, ननंद रांधती म्हनून? मग आज का लाज न्हाई वाटली?"

मुक्ता त्याच्यासमोर मातीत बसली. त्याने पहिल्यांदा रांधले त्याच्या दुसऱ्याच दिवशी धरणावर तिने कौतुकाने सारे सांगितले होते, आणि एका बाईने हसून म्हटले होते, की तुझ्या नवऱ्याने बांगड्या भरल्या. मुक्ताने तिच्या अंगावर घमेले उगारले होते. मुकादमाने दोघींना दम दिला होता. त्यानंतर रखमाजीचे नाव पुन्हा कुणाच्या हसण्याचा विषय होऊ नये म्हणून तिने ती नणंद उभी केली होती. हे सांगताना तिचे डोळे भरून वाहू लागले.

"मग बोलायची का न्हाईस? अर्धी भाकर का ठेवायचीस? माजं रांधलेलं तुज्या गळ्याखाली उतरंना, असंच वाटायचं मला."

ती चमकून त्याच्याकडे पाहू लागली. जणू हा प्रश्न कोणी विचारील असे तिला कधी वाटलेच नव्हते.

"तुमी मागनं जेवत व्हता," ती म्हणाली. "मागं काय उरतं ते मला ठावं हाय. सतरा वर्सं मी मागनंच जेवले."

 सतरा वर्षे! रोज संध्याकाळी रखमाजी शेतावरून यायचा, ताटावर बसायचा, पोटभर जेवून उठायचा… आणि भांड्याच्या तळाशी काय राहिले असेल, हे एकदाही त्याच्या मनात आले नव्हते.

"आन कढत भाकर," ती पदराने डोळे टिपत म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं कुनी मला वाढली न्हवती. ताट पुडं आलं की गळा दाटून यायचा. काय बोलावं त्ये सुदरायचंच न्हाई."

तिने हात पुढे केला. तो तिच्या आधाराने उठला.

घरी कोंडाजी ताटावर तसाच बसून होता. रखमाजीला शेजारी बसवून घेऊन मगच त्याने पुढचा घास घेतला. भाकरीची त्याने तारीफ केली नाही, चुलीबद्दल चकार शब्द काढला नाही. जाताना मात्र तो उंबऱ्यात थांबला आणि गेणूला म्हणाला, की थोरल्या भावाला वाटेवर बसवून ठेवणाऱ्या घरात पोर द्यावी की न द्यावी, याचा मला विचार करावा लागेल. गेणूचा चेहरा पांढराफटक पडला. पुढे दहा दिवसांनी टाकव्याहून निरोप आला, की सरूला पाहायला थोरल्या भावाने यावे, धाकटा आला नाही तरी चालेल. त्या निरोपावर रखमाजी बैलगाडीतून टाकव्याला गेला आणि सोयरीक जुळवून आला. पण ते पुढचे.

त्या संध्याकाळी पाहुणा गेल्यावर गेणू अंगणात जाऊन उभा राहिला. भात संपला होता. रखमाजी सवयीने चुलीकडे सरकला, तर मुक्ता आधीच तिथे पीठ मळायला बसलेली. त्याने परात आपल्याकडे ओढली, तिने सोडली नाही. दोघांनाही कळेना, आता कुणी रांधायचे नि कुणी वाढायचे. अखेर तिने थापल्या आणि त्याने भाजल्या.

भाकरी झाल्या, तेव्हा इतका वेळ अंगणात उभा असलेला गेणू आत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने भावाच्या वाकड्या पायावर डोके टेकले आणि बराच वेळ तो तसाच राहिला. रखमाजीने त्याच्या केसांतून हात फिरवला. मग गेणू उठला, त्याने दोन ताटे शेजारी शेजारी मांडली आणि टोपली स्वतःच्या हातात घेतली.

"भाऊ, वैनी, तुमी बसा," तो म्हणाला. "आज मी मागनं जेवतो."

मुक्ता संकोचली. नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून ती कधी जेवली नव्हती. पण रखमाजीने तिचा हात धरून तिला खाली बसवले. गेणूने वाफाळती भाकर वाढली, वर बिरड्याचा रस्सा घातला. मुक्ताने भाकर मोडली, या खेपेला पुरती मोडली. रखमाजीने पहिला घास तोंडात घातला, आणि इतके दिवस आपण किती उपाशी होतो, हे त्याला तेव्हा कळले.