हात पाठीमागे

पाऊस असा रिमझिम लागला होता, आणि बसस्टॉपजवळच्या फुटपाथवर एक माणूस व्हीलचेअरमध्ये भिजत बसला होता. गाड्या काही थांबत नव्हत्या. नुकत्याच बसमधून उतरलेल्या तिनं बॅग पाठीवर मारली, खुर्चीच्या मुठी धरल्या, हात वर करून एक ट्रक थांबवला आणि त्याला थेट रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं.

"आभारी आहे," तो म्हणाला. "आता परत नेऊन सोडता का?"

"का?"

"मी तिकडेच थांबलो होतो. परदेशातून एक बाई यायच्या आहेत, आमच्या वर्कशॉपमध्ये मदतीला. त्यांना घ्यायला आलोय."

निघण्याआधी वर्षभर ती त्याची भाषा शिकली होती. त्यामुळे निदान लाज वाटण्याइतपत तरी ती तिला येत होती.

"त्या... मीच."

"अंदाज आला होता," तो म्हणाला. "विचारण्याआधी मदत करणाऱ्या बाई दुसऱ्या कोण असणार?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीच्या दोन्ही मुठी कापलेल्या होत्या. गंज लागला होता म्हणे. तिनं कापलेल्या जागेवर बोट फिरवून पाहिलं. लोखंड नव्यासारखं चकचकत होतं.

त्याला सगळे चाकमास्तर म्हणत. मोडक्या खुर्च्या तो ठीकठाक करायचा. तिला दोन दिवसांत गादीवाली हे नाव पडलं, कारण ती त्या खुर्च्यांमध्ये बसायच्या फोमच्या गाद्या बनवायची. गादी दिसते साधी. पण ज्याला कमरेखाली काही कळत नाही, त्याला ती टोचली तरी समजत नाही. कातडी फुटते, जखम हाडापर्यंत जाते आणि माणूस महिनोन्महिने पालथा पडून राहतो. चाकमास्तर असा एकदा पडला होता. देणगीत आलेल्या एका सुंदर, मऊ आणि साफ चुकीच्या गादीनं त्याचं जवळजवळ वर्ष खाल्लं होतं.

तिच्या घरच्यांना मात्र या उद्योगात फायदा काय, ते काही केल्या सापडत नव्हतं. मामा म्हणाला, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला इतक्या लांब कशाला? इथे काय चुली नाहीत?" आत्या म्हणाली, "सहा महिने? अगं, तेवढ्यात लग्नं ठरून मोडतात." आईनं एवढंच विचारलं, "तुझ्या पदरात काय पडणार?" ती बॅग भरत राहिली होती. आपल्या पदरात काय पडणार हे जाण्याआधीच ठाऊक असणारी माणसं जातच नाहीत, हा माझा अनुभव आहे.

वर्कशॉप चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तुमच्यासारखे पुष्कळ आले. छान कामं केली. गेल्यावर मागे काय उरलं? फोटो. तुम्ही जाल तेव्हा गादीची खोली आपल्या पायावर उभी असेल तर ठेवू. नाहीतर कुलूप, आणि पुन्हा देणगीच्या गाद्या."

"उभी राहील," ती म्हणाली.

"शेवटच्या महिन्यात तुम्ही फोमला हात लावायचा नाही. आमचा नियम आहे. हात पाठीमागे. बघायचं, बोलायचं नाही."

तिच्या हाताखाली दोन जावा होत्या. थोरली फोम कापायची, धाकटी त्यावर खोळ शिवायची, आणि दोघींचं मिळून एकच भांडण होतं, जे लग्नापासून चालू होतं.

"कापलंय का कुरतडलंय?" धाकटी विचारायची.

"तू सरळ शीव, मग मी सरळ कापते," थोरली म्हणायची.

पाच महिने तिनं त्यांना शिकवलं. मांडी कशी मापायची, बसायच्या हाडांखाली खळगा किती ठेवायचा आणि सगळं झाल्यावर तळहात गादी आणि माणूस यांच्यामध्ये सरकवून कसं बघायचं. हाडाखाली बोटांची टोकं थोडी हलली पाहिजेत. चिमटली, तर गादी बाद. जावा शिकत होत्या. पण कुठे अडलं की मान वर करून तिच्याकडे बघायच्या, आणि ती धावायची. तिचा आपला हात जगन्नाथ.

शेवटचा महिना लागला. हात पाठीमागे गेले. पहिल्याच दिवशी थोरलीनं खळगा वाकडा काढला, आणि गादीवालीची बोटं अशी शिवशिवली की ती उठून तडक चाकांच्या शेडमध्ये गेली.

"बसा," चाकमास्तर म्हणाला. त्यानं एक चाक तिच्या मांडीवर ठेवलं आणि हातात पाना दिला. "फोमला हात लावायची बंदी आहे, लोखंडाला नाही."

तेव्हापासून ती रोज तिथे बसू लागली. चाक फिरवायचं, डुगडुगलं की आरे, म्हणजे चाकाच्या तारा, कसायचे. तो शेजारी. पत्र्यावर पाऊस. सैल आऱ्यावर टिचकी मारली की बोदा आवाज यायचा, कसलेला टणटणीत वाजायचा.

"हा?" ती विचारायची.

"हा अजून रुसलाय. पाव फेरा."

"आता?"

"आता जास्तच खूश झाला. थोडा मागे."

पाना धरायला शिकवताना त्याचा हात तिच्या हातावर येई, आणि शिकवणं संपलं तरी... जरा उशिरानं निघे. एवढ्या वेळात कुणीही पाना धरायला शिकलं असतं. पण ती मंद शिष्या झाली होती, आणि तोही काही घाईत नव्हता.

"तुम्ही तिकडे गेल्यावर सायकलचं दुकान काढू शकाल," तो म्हणाला.

"आणि इथे माझी आठवण कोण काढेल?"

तो चाकाकडे बघत राहिला. "थोरली काढेल. रोज. खळगा काढताना."

"फक्त थोरली?"

"सध्या... तिचं नाव घेतो. खोली उभी राहू दे आधी."

तिला राग आला. तो गिळून ती पाना फिरवत राहिली. या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा असेल तर खोली उभी केलीच पाहिजे, आणि तीही हात पाठीमागे ठेवून. तिनं तेच मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवसापासून जावा मान वर करून बघायला लागल्या की ती खिडकीबाहेर बघायची. धाकटी एकदा म्हणालीच, "बाहेर काय आहे एवढं?" थोरली म्हणाली, "शेड आहे." आणि त्या दिवशी दोघींचं भांडण झालं नाही.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी परीक्षा ठेवली. गादी खऱ्या माणसासाठी हवी होती.

"माझ्यासाठी करा," चाकमास्तर म्हणाला.

"वेड लागलंय?" गादीवालीच्या तोंडून निघून गेलं. "चुकली तर—"

"तर पुन्हा वर्षभर पालथा. माहीत आहे. म्हणून तर त्या नीट करतील."

थोरलीनं मापं घेतली, फोम कापला. धाकटीनं खोळ शिवली, टाके एका ओळीत. तो गादीवर बसला, डावीकडून जरा उंच, आणि गादीवालीला लांबूनच कळलं, डावा खळगा उथळ होता. तिनं पाठीमागे एका हातानं दुसरा हात घट्ट धरला. नजर खिडकीबाहेर. बोलली असती तर गादी वाचली असती आणि खोली बुडाली असती. न बोलावं तर... तिला त्याच्याकडे बघवेना.

"सरक जरा," थोरली त्याला म्हणाली आणि तळहात खाली घातला. "लाजू नकोस, दिरासारखा आहेस."

बोटं हाडाखाली चाचपत राहिली. थोरलीनं मान वर केली नाही. कुणाकडे बघितलं नाही.

"बोट हलत नाही," ती म्हणाली. "बाद. उसव गं."

"मी एवढं शिवलेलं?"

"उसव."

धाकटीनं तोंड वाकडं केलं, पण कात्री उचलली. मोठ्या बाईंनी खोलीची किल्ली गादीवालीच्या समोरून नेऊन थोरलीपुढे ठेवली. दुसरी गादी संध्याकाळपर्यंत झाली. बोटं हलली.

ती शेडमध्ये गेली तेव्हा तो नव्या गादीवर बसून जुनंच चाक फिरवत होता.

"तुमची इथे आता गरज उरली नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. सहा महिने तेवढंच तर करत होते."

"म्हणून आता बोलतो. आधी बोललो असतो तर मला तुम्ही हव्या होतात की गादीवाली, हे तुम्हाला कळलं नसतं. खरं तर मलाही नसतं कळलं."

"मग... काय कळलं?"

"गादीवाली गेली तरी चालेल." त्यानं चाक थांबवलं. "तू गेलीस तर नाही चालणार."

सहा महिन्यांत पहिल्यांदा तू. तिनं डोळे मिटले, उघडले.

"मी जाणार," ती म्हणाली. "तिकडे हे काम मी एकटीच करते. मी रजेवर, तर माणसं ताटकळत. इथे यायच्या आधी मला याचा अभिमान होता. आता लाज वाटते. तिकडेही एक थोरली आणि एक धाकटी तयार करायचीय."

"बरं," तो हळूच म्हणाला.

"माझं संपलं नाही. मी जाणार, आणि मागून तू येणार."

"तिथे माझी गरज आहे?"

"मोडक्या खुर्च्यांनी एक खोली भरलीय. पण त्यासाठी चाकं दुरुस्त करणारा कुणीही चालेल." ती त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसली. "मला कुणीही चालणार नाही."

पत्र्यावरचा पाऊस थांबला होता. त्यानं चाक खाली ठेवलं. मग त्यानं विचारलं,

"घराला पायऱ्या आहेत?"

ज्याला नाही म्हणायचं असतं, तो पायऱ्या विचारत नाही. तिनं तिथेच फोन काढला.

"आई, दारातल्या पायऱ्यांवर उतार घालायचाय. सिमेंटचा. पक्का."

"कुणाला काय झालं?"

"कुणाला काही झालं नाही. एक जण येणार आहे."

"भेटायला, की राहायला?"

तिनं त्याला त्याच्या भाषेत विचारलं. त्यानं उत्तर दिलं, आणि तिचे कान तापले.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, भेटायला येणाऱ्यासाठी कुणी सिमेंट कालवत नाही."

"बोलायला बरा दिसतोय," आई म्हणाली. "त्याला आपली भाषा येते?"

"मी त्याची शिकले. तो आपली शिकेल."

"अहो," आईचा आवाज फोनपासून लांब गेला, "ऐकलंत का, गवंड्याला बोलावून घ्या."