ताणला की थांबायचं

दातांची डॉक्टरीण त्या बॅगांच्या दुकानात पहिल्यांदा शिरली ती काही आपल्या मर्जीने नव्हे. मावशीच्या सुभेदाराने तिला ओढून नेलं. सुभेदार म्हणजे कुत्रा. पण बैलाच्या जन्माला जाता जाता वाट चुकलेला. त्याला एकदा विजेच्या खांबाला बांधलं, तेव्हापासून म्हणे तो खांब वाकूनच उभा आहे. भल्याभल्यांच्या अक्कलदाढा उपटणारी डॉक्टरीण पट्ट्याच्या टोकाला पतंगासारखी फडफडत आली आणि चामड्याच्या ढिगावर आदळली.

बॅगवाल्याने दातातला दोरा काढला. "या, बसा... म्हणजे, बसलाच आहात."

"हसू नका. खालची दाढ किडलेली दिसतेय."

त्याने झटकन तोंड मिटलं. डोळे मात्र हसतच राहिले.

याच सुभेदाराने मावशीला पाडलं होतं. मांडीचं हाड मोडलं. मावसभावाने निकाल देऊन टाकला, "आई काठी घेऊन बाहेर पडेल त्या रविवारी हा सरळ चालला तर ठीक. नाहीतर याची दूरच्या मळ्यावर रवानगी!"

मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तो गेला तर मी तरी कुणासाठी उठू?"

झालं, डॉक्टरणीने कंबर कसली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेला नियम साधा होता – पट्टा ताणला की खांबासारखं थांबायचं; सैल पडला की शाबासकी, आणि पुढे. सगळ्या रस्त्याने जमायचं. पण चामड्याचा वास आला की सुभेदार ओढायचा... आणि ती थांबायची. नेमकी दुकानासमोर. रोज संध्याकाळी. वाऱ्यावर बट उडतेय, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर.

बॅगवाल्याचा व्हायचा तो समज झाला. तो रोज दाढी करू लागला. इस्त्रीचा शर्ट घालून टाके घालू लागला. शेवटी धीर करून म्हणाला, "रोज एवढा वेळ उभ्या राहता... मनात असेल ते बोलून टाका की."

"मनात एकच आहे. हा ओढायचं कधी थांबवतोय!"

"हा...?"

"कुत्रा! तुम्हाला काय वाटलं?"

"मला... मलाही तेच वाटलं." कानांच्या पाळ्या मात्र लालबुंद झाल्या. त्या तिला दिसल्या, आणि घरी पोचेपर्यंत दिसतच राहिल्या.

पण गडी वस्ताद. दुसऱ्या दिवसापासून चामड्याला चोळायच्या चरबीचं भांडं बरोब्बर उंबऱ्यावर येऊन बसलं. सुभेदार वेडापिसा! थांबणं लांबलं, बोलणंही लांबलं. आणि एक दिवस तिला ते भांडं दिसलं.

"तुम्हाला गंमत सुचतेय? हा शिकला नाही तर रविवारी याला नेतील. मावशी पुन्हा उठायची नाही."

त्याचं हसू मावळलं. "ठाऊक नव्हतं हो, डॉक्टर. तुम्ही थोडं जास्त थांबावं... एवढंच." तो भांडं उचलायला वाकला.

"राहू दे," ती म्हणाली. "या भांड्यासमोरून जो सरळ जाईल, तो कुठूनही जाईल."

रविवार उजाडला. मावशीच्या एका हातात काठी, दुसऱ्यात पट्टा. मावसभाऊ मागे श्वास रोखून. उंबऱ्यावर चरबी, आणि वाराही नेमका सुटलेला! सुभेदाराचं नाक वळलं... शेपूट थरथरलं... पट्टा मात्र झोपाळ्यासारखा सैल. काठीशी पाऊल जुळवत तो दुकान ओलांडून गेला.

"हरलो बुवा!" मावसभाऊ म्हणाला.

"सवय आहे तुला. आता बसव मला जरा," मावशी कोपऱ्यावरच्या बाकावर टेकली. "आणि पोरी, तू ने याला घरी. आम्ही येतो मागून."

परतताना बॅगवाला दारात उभा होता. "जिंकलात, डॉक्टर. आता इथे थांबायचं कारणच उरलं नाही."

"नाहीच," असं म्हणून ती पुढे निघाली. आणि... तिचेच पाय दुकानाकडे वळले. पट्टा ताणला. सुभेदार जागच्या जागी खांब! ती ओढतेय, तो हलेना. शिकवणी पक्की झाली होती.

"आज ओढतंय कोण?" बॅगवाल्याने विचारलं.

"मी," ती म्हणाली. गाल तापले, पण नजर ढळली नाही. "आणि हा काही हलायचा नाही. तेव्हा तुम्हीच... या ना इकडे."

तो असा धावला की चरबीचं भांडं लाथेने रस्ताभर सांडलं.

"दाढ दाखवायला येणार ना?"

"जन्मभर येईन. फक्त उपटू नका."

तिने त्याचा हात धरला. पट्टा सैल पडला. सांडलेल्या चरबीकडे ढुंकूनही न बघता सुभेदार दोघांना घेऊन ऐटीत घराकडे निघाला.

आणि तो विजेचा खांब? त्या दिवसापासून तोसुद्धा ताठ उभा आहे. खोटं वाटत असेल तर बघून या.