सहा वाट्यांवर घालायचं नाव

शहाण्णव सालच्या मे महिन्यात मीरा रोडला पाण्याची अशी बोंब होती, की टँकर दिसला रे दिसला की बायका हंडे घेऊन धावत सुटायच्या, आणि गर्दीत दुसरीचाच हंडा कमरेवर घेऊन घरी यायच्या. मग काय, भांडणं! म्हणून जो तो हंड्यावर नाव घालून घ्यायला कांतिशेठच्या भांड्यांच्या दुकानात यायचा. तिथं दाराशी स्टुलावर, नावं घालायचं मशीन हातात धरून, पंचशीला बसलेली असायची.

पोरगी चित्रकलेच्या कॉलेजातली. सुट्टीत तिनं तीन-तीन कामं अंगावर घेतली होती. सकाळी पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये मुलांना ड्रॉइंग शिकवायचं, दुपारी शेठकडे नावं, संध्याकाळी नया नगरात लग्नघरी मेंदी. बसून खाणं तिच्या रक्तातच नव्हतं. आणि अक्षर? अहो, तिचा 'श' बघायला बायका रिकामी भांडी घेऊन यायच्या!

एका दुपारी समोर एक हंडा येऊन आदळला.

"नाव काय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"निहार."

"हंड्यावर काय घालू ते विचारतेय."

"त्याचं बारसं नाही झालं अजून… तुम्हीच ठेवा ना काहीतरी."

असल्या बाता मारणाऱ्यांचा तिला तिटकारा होता. पण तिनं वर पाहिलं, आणि पंचाईत झाली. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, नाक उन्हानं लाल झालेलं, आणि तरी हा बाबा हसत होता. तिलाही हसू आलं. मुकाट्यानं आलं असतं तर ठीक, पण चांगलं खुदकन आलं.

निहार पूनम सागरमध्येच राहायचा. गिरगावातली खोली विकून ते लोक इकडे आलेले. तो नुकताच बँकेत चिकटलेला, आई घरी. हंडा झाला, मग डबा आला. डब्यामागून झाकण. एका शनिवारी तर पठ्ठ्या चिमटा घेऊन हजर!

"चिमट्यावर कुठं नाव घालू? जागा तरी आहे का?"

"मनात असलं की जागा होते—"

"हो का? मग पुढच्या वेळी गॅसची शेगडीच आण."

आतून कांतिशेठ ओरडले, "बेन, इस लडके के घर में बर्तन खतम हो गया! अभी मेरी दुकान से खरीदेगा."

एकदा स्टीलचा कण उडून तिच्या पापणीवर बसला. "हलू नकोस," निहार म्हणाला. रुमालाचं टोक ओलं करून त्यानं तो अलगद टिपला. तिनं श्वास धरून ठेवला, आणि मशीन हातात नुसतंच घर्र करत राहिलं. त्या दिवसापासून ती केसांना मोगरा लावून येऊ लागली. तिच्या आईनं तेवढ्यावरून ओळखलं.

सुट्टी संपत आली तेव्हा तो नव्याकोऱ्या सहा वाट्या घेऊन आला. चेहरा नुसता उजळलेला.

"आईला सांगितलं सगळं. हो म्हणाली!"

"खरंच?"

"शपथ! म्हणाली, वाट्यांवर सुनेच्याच हातचं अक्षर हवं. ही घे चिठ्ठी."

चिठ्ठीवर होतं — सौ. संपदा निहार.

"ही कोण?"

"तूच की, वेडे! लग्नात नाव बदलतात ना. आई माहेरची अंबिका, इकडं आल्यावर प्रभावती झाली."

"त्यांना आवडलं होतं?"

"कुणी विचारलंय तिला? रीतच आहे ती."

पंचशीलानं मशीन बंद केलं. "आणि माझं आहे ते ठेवलं तर?"

निहार रस्त्याकडे बघू लागला. "मला काही फरक पडत नाही गं… पण पत्रिकेत वाचलं की नातेवाईक विचारतील."

"काय विचारतील?"

"तुला माहितीये."

"मला माहितीये. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तो चपलेनं पायरी घासत राहिला. हंड्यापासून चिमट्यापर्यंत नाव घालून घेणारा पोरगा, तोंडातून एक शब्द काढेना!

"माझ्या बाबांचं नाव केरबा," ती म्हणाली. "आधीची दोन भावंडं गेली, हे तरी जगावेत म्हणून जन्मल्यावर त्यांना केरात ठेवून उचललं होतं. पुढं आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मी झाले तेव्हा बाबा म्हणाले, 'माझं नाव उकिरड्यावरून आलं, लेकीचं मी निवडून ठेवणार.' अख्ख्या वस्तीत पेढे वाटले होते त्यांनी. त्यांना काय सांगू मी?"

"लग्नापुरतंच गं. घरात मी पंचशीलाच म्हणेन… दार लावून घेतलं की."

"दार लावून!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट नव्हता हो तो. पण नुसतं वाईट नसून भागतं का?

"म्हणजे… तुझं प्रेमच नाही माझ्यावर?"

महिनाभरात हे ती एकदाही बोलली नव्हती. मोगरा लावला, त्याच्यासोबत उसाचा रस अर्धा-अर्धा प्यायली, पण तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. आज म्हणाली.

"आहे रे. खूप आहे. झोप लागत नाही, इतकं आहे." तिनं सहाही वाट्या एकात एक घालून त्याच्या हातात दिल्या. "पण ते पंचशीलाचं आहे, निहार. ती संपदा तर तुला ओळखतसुद्धा नाही."